दहावीतली मुलगी किशोरवयीन गरोदरपणावरची कादंबरी वाचते आहे. वाचू द्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीच्या दप्तरात 'द फर्स्ट पार्ट लास्ट' ही इंग्रजी कादंबरी सापडली, मागचा मजकूर वाचून छातीत धस्स झालं, आणि आता पुस्तक काढून घ्यावं की गप्प बसावं हे सुचत नाहीये. माझं उत्तर: वाचू द्या. आणि ती झोपली की तुम्हीही वाचून काढा. दीडशे पानांच्या आतलं पुस्तक आहे, दोन रात्रींत होईल.

मी अठरा वर्षं एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. बऱ्याच वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी दर शनिवारी पुस्तक बदलायला यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. मामाच्या गावाला गेली, एवढंच कुणीतरी सांगितलं. खरं काय ते शिक्षकांच्या खोलीत दबक्या आवाजात कळलं. तिच्या नावावरचं पुस्तक परत आलं नाही आणि मी ते मागितलंही नाही. मुलगा त्याच वर्गात होता. तो दहावी झाला, पेढे घेऊन शाळेत आला, मलाही त्याने पेढा दिला. तो पेढा हातात धरून मी उभी होते, ते अजून आठवतं.

म्हणूनच ही कादंबरी मला इतकी मोलाची वाटते. अँजेला जॉन्सन यांची ही कादंबरी २००३ साली आली आणि किशोरवयीन साहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार तिला २००४ मध्ये मिळाला. गोष्ट न्यूयॉर्कमधल्या बॉबीची आहे आणि तोच ती सांगतो. त्याच्या सोळाव्या वाढदिवशी त्याची मैत्रीण निया लाल फुगा घेऊन त्याची वाट बघत बसलेली असते आणि त्याला सांगते की ती गरोदर आहे. प्रकरणं 'तेव्हा' आणि 'आता' अशी आळीपाळीने येतात. 'तेव्हा'मध्ये निया आहे, दोन्हीकडचे आईबाप आहेत, बाळ दत्तक द्यायचं ठरतंय. 'आता'मध्ये मात्र बॉबी आणि त्याची तान्ही मुलगी फेदर, एवढीच दोघं. बॉबीची आई त्याचं ओझं स्वतःच्या अंगावर घेत नाही. मूल तुझं, रात्री उठायचं तूच. झोपेने डोळे मिटताहेत, सकाळी शाळा आहे, आणि छातीवर बाळ. निया कुठे गेली, हे वाचकाला कळायला वेळ लागतो. तुम्ही आई आहात म्हणून सांगून टाकते: गरोदरपणात झटके येऊन ती बेशुद्धीत जाते, ती परत येत नाही. हे लेखिकेने रडवण्यासाठी घातलेलं नाही. कमी वयाच्या बाळंतपणात या झटक्यांचा धोका खरोखरच जास्त असतो.

आपल्याकडच्या अशा गोष्टींत पुढे काय होतं? मुलगी विहीर जवळ करते, नाहीतर तिचं घाईघाईने लग्न लावतात, आणि मुलगा तिसऱ्या पानानंतर दिसत नाही. परिणाम म्हणजे मुलीला झालेली शिक्षा, असंच पोरींच्या मनावर ठसतं. खरे परिणाम म्हणजे रात्री तीन वाजता दूध गरम करणं, बुडालेली परीक्षा, मित्रांनी फोन करणं बंद होणं. जॉन्सनबाई हे सगळं मुलाच्या अंगावर घालतात. मुलग्यांना हे पुस्तक मी आवर्जून देते.

आवडलं तर पुढे बर्ली डोहर्टी यांची 'डिअर नोबडी' द्या. १९९१ची, बालसाहित्यासाठीचं ब्रिटनमधलं कार्नेगी पदक मिळालेली, इंग्लंडमधल्या शेफील्डची गोष्ट. हेलन पोटातल्या बाळाला पत्रं लिहिते आणि पत्राचा मायना असतो 'डिअर नोबडी'. त्या पत्रांचा गठ्ठा नंतर बाळाच्या बापाच्या, ख्रिसच्या हाती पडतो. हेलनची आई फार कठोर वागते, वाचताना तिचा राग येतो. मग कळतं की तिचा स्वतःचा जन्म लग्नाबाहेरचा होता आणि ते तिने आयुष्यभर लपवलंय. मी ते पान वाचून पुस्तक मिटवून ठेवलं होतं. आईच्या बाजूने वाचायला हे पुस्तक जास्त जड आहे, हे आधीच सांगते.

मुलीला थोडं मोकळं, उजेडाचं काही हवं असेल तर एलिझाबेथ असेवेडो यांची २०१९ची 'विथ द फायर ऑन हाय'. फिलाडेल्फियातली इमोनी, लहान मुलीची आई, शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आजीच्या आधाराने राहते आणि तिच्या हाताला विलक्षण चव आहे.

मराठीत अशी, मुलीच्या हाती निर्धास्त द्यावी अशी कादंबरी मला माझ्या कपाटासाठी अजून मिळालेली नाही. याचं मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र पुस्तकावर सोडू नका. तिथले कायदे वेगळे, आपले वेगळे. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, पॉक्सो या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने गुन्हा ठरतो आणि कळल्यावर डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. या भीतीनेच मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि भलत्याच माणसाकडे जातात. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. अल्पवयीन मुलीचा गर्भपात, पालकांच्या लेखी संमतीने, २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांकही तिला पाठ असू दे.

हे सांगायला तिला समोर बसवून 'आपल्याला बोलायचंय' म्हणू नका, पोरी लगेच कवाडं लावून घेतात. पुस्तक वाचून झालं की भाजी निवडताना नुसतं विचारा, 'बॉबीच्या आईने त्याला रात्री मदत करायला हवी होती का गं?' माझ्या भाचीशी मी याच प्रश्नाने सुरुवात केली होती. मेथीची जुडी संपली तरी ती उठली नाही.