इग्निशन स्विच हलवण्यापूर्वी

दुचाकीचा इग्निशन स्विच, म्हणजे किल्लीचा स्विच, हँडलजवळून काढून बाजूच्या पॅनेलखाली नेण्याचा तुमचा विचार चांगला असला, तरी मूळ स्विचमध्येच हँडल लॉक असेल, तर ते लॉक या बदलात जाते आणि त्यासाठी वेगळी सोय करावी लागते, हे आधी ध्यानात घ्यावे. गाडीला इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास किल्लीतील चिप वाचणारी कडी स्विचभोवतीच असते; तीही सोबत न्यावी लागेल.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, कारण स्विचकडे येणारी एक वायर किल्ली बंद असतानाही जिवंत असते. वायर वाढवताना मूळ जाडीची किंवा त्याहून जाड वायरच घ्यावी. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते, दिवा मंदावतो आणि वायर तापते. सगळे जोड एकाच जागी आले की जुडगा फुगतो, म्हणून ते थोडे मागेपुढे करावेत, सोल्डर करून प्रत्येकावर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी. नुसती चिकटपट्टी उन्हापावसात सुटते. हीट श्रिंकची नळी मात्र जोडण्याआधी वायरीत ओवायला विसरू नये!

जागा निवडताना सायलेन्सरची उष्णता आणि गुडघ्याचा धक्का, दोन्ही टाळावेत. किल्लीचे तोंड वर आले तर त्यात पाणी साचते, त्यामुळे ते आडवे किंवा किंचित खाली झुकलेले असावे. शेवटी दिवा लावून स्विचच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास जोड पुन्हा तपासावेत.