पायथन शिकणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ‘ही भाषाच बेकार’ म्हणत राहणाऱ्याचं काय करावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी टेलिग्रामवर तुमचा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा मराठी ग्रुप आहे. कुणी काही विचारलं की एक जाणकार सर ‘पायथन स्लो आहे, रस्ट (दुसरी, वेगवान भाषा) शिका’ म्हणतात आणि भांडण पेटतं. त्यांना काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच काढू नका, कारण तक्रार खोटी नाही. जीआयएल या पायथनच्या आतल्या कुलपामुळे नेहमीच्या पायथनमध्ये एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड (कामाचा धागा) पायथनचा कोड चालवतो. हीच तक्रार पेप ७०३ (पायथन बदलण्याचा अधिकृत प्रस्ताव) मधून चालणाऱ्या कोडसकट आली, २०२३ मध्ये मान्य झाली आणि ३.१३ पासून जीआयएलशिवायचं बिल्ड प्रायोगिक म्हणून मिळू लागलं. सरांची जागा तेवढी चुकते. ‘इंडेंटेशन एरर (ओळीआधीची मोकळी जागा चुकल्याचा) का येतोय?’ हा नवख्याचा प्रश्न पन्नास मेसेजखाली गाडला जातो आणि तो मुलगा परत विचारत नाही.

म्हणून ग्रुपमध्ये टॉपिक्स (विषयवार वेगळे कप्पे) चालू करून ‘प्रश्न’ आणि ‘तुलना’ वेगळे करा. तुलनेत बोलायचं तर पायथनचं व्हर्जन, वीस-तीस ओळींचा चालणारा कोड आणि टाइमइटने (पायथनमधलं वेळ मोजायचं साधन) मोजलेला वेळ द्यायचा, हा नियम पिन करा. मोजल्यावर बऱ्याचदा दिसतं की वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातोय. तिथं भाषा बदलून फारसं हाती लागत नाही.

तरीही प्रश्नाखाली तेच आलं, तर एकाच अ‍ॅडमिनने एकदाच लिहावं: “सर, हे ‘तुलना’मध्ये कोडसकट मांडा, इथं इंडेंटेशनचं बोलूया.” त्यानंतर कुणीच उत्तर द्यायचं नाही. खरी अडचण इथंच आहे. भांडण वाढवतात ते तुमचेच हुशार मदतनीस, कारण जाणकाराला खोडून काढण्यात मजा येते. त्यांना आधीच खासगीत सांगून ठेवा.

स्लो मोडचा (दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सोय) मोह टाळा. तो अ‍ॅडमिन सोडून सगळ्यांना लागतो, त्यामुळे आधी ट्रेसबॅक (एररचा पूर्ण मजकूर) आणि मग कोड टाकणारा नवखाच अडकतो. सरांना त्यांच्याच तीन मेसेजच्या लिंका खासगीत पाठवा. स्वभावावर बोलू नका. नाही ऐकलं तर त्यांच्यापुरतं लिहिणं एक दिवस बंद, मग आठवडाभर.

आपल्याकडचा एक जादा धोका म्हणजे मुद्दा संपला की गाडी मराठी-कन्नडवर येते. चिक्कोडीच्या कुणी कन्नडमधून विचारलं की ‘हा मराठी ग्रुप आहे’ सुरू होतं. असे मेसेज त्याच दिवशी काढा, एका ओळीत कारण लिहा आणि त्या मुलाला उत्तर द्या. एरर तर दोघांनाही इंग्रजीतच येतो!

निर्णय दोन अ‍ॅडमिननी मिळून घ्यावा. टेलिग्रामच्या ‘रीसेंट अ‍ॅक्शन्स’मध्ये (अ‍ॅडमिनच्या कारवायांची नोंद) ४८ तासांचंच दिसतं, म्हणून काय केलं आणि का, हे वेगळं लिहून ठेवा. नियम अ‍ॅडमिनलाही लागू हवेत. रस्ट भाषेच्या प्रकल्पात नोव्हेंबर २०२१ मध्ये चर्चांवर लक्ष ठेवणाऱ्या अख्ख्या मॉडरेशन टीमने राजीनामा दिला, तो प्रकल्पाची कोअर टीम कुणालाच जबाबदार नाही या तक्रारीवरून. तुम्हीच ‘आले जावावाले’ म्हणत दुसऱ्या भाषेवाल्यांना चिडवत असाल तर सरांना कुठल्या तोंडाने अडवणार?

काढावंच लागलं तर जॉइन रिक्वेस्ट (अ‍ॅडमिनने मंजूर केल्यावरच प्रवेश) चालू ठेवा, नाहीतर नव्या खात्याने परत येतात. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःहून विचारलं तर घ्या, पण सुरुवातीला ‘तुलना’पुरतंच.