बारा खुर्च्या, नऊ माणसं

नायजेरियाच्या नायजर डेल्टात तेलकंपन्यांसाठी हेलिकॉप्टर चालवण्याच्या कामाबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे व्यावसायिक हेलिकॉप्टर परवाना आहे. पोर्ट हारकोर्टच्या एका कामासाठी विचारणा झाली आहे. घरचे म्हणतात, तिथे माणसं पळवून नेतात. उडताना खालून गोळी लागायची भीती कितपत असते?

घरच्यांची भीती खरी आहे, फक्त तिची जागा चुकली आहे. हवेपेक्षा रस्त्यावर जपायला हवं. 2006 च्या जानेवारीत ‘मेंड’ या सशस्त्र गटाने परदेशी तेलकामगारांना ओलीस धरलं आणि अशी अपहरणं पुढे वाढत गेली. जून 2008 मध्ये याच गटाने किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटर आत समुद्रात असलेल्या बोंगा या तेलजहाजावर स्पीडबोटींतून हल्ला केला. सशस्त्र गटांसाठीच्या 2009 च्या सरकारी माफी योजनेनंतर हे प्रकार कमी झाले, पण 2016 मध्ये ‘नायजर डेल्टा ॲव्हेंजर्स’ने पुन्हा पाइपलाइनी उडवायला सुरुवात केली. रस्ते आणि खाड्या बेभरवशाच्या आहेत, म्हणून तर माणसं हेलिकॉप्टरने न्यावी लागतात.

त्यामुळे सही करण्याआधी विमानांपेक्षा गाड्यांची चौकशी करा. विमानतळ ते निवास या प्रवासात सशस्त्र पोलीस सोबत असतात का? वेळ आणि रस्ता बदलत राहतात का? अंधार पडल्यावर प्रवास बंद असतो का? विमा अपहरण आणि सशस्त्र संघर्ष दोन्हींना लागू आहे का? हे लेखी घ्या, कारण साध्या आयुर्विम्यात युद्धाचा धोका बऱ्याचदा वगळलेला असतो. दलदलीतल्या पॅडवर काम असेल तर रोटर फिरता ठेवूनच माणसं चढवा-उतरवा. खालचा माणूस रेडिओवर उत्तर देत नसेल, किंवा उत्तर खटकलं, तर उतरू नका. परत गेल्याबद्दल कोणी बोललंच तर ऐकून घ्यावं.

प्रश्न : मी समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर काम करतो. बारा खुर्च्यांच्या हेलिकॉप्टरमधून परवा नऊच जणांना नेलं, तिघांना मागे ठेवलं. मोकळ्या खुर्च्या नेण्यात काय अर्थ?

खुर्च्या मोजू नका, किलो मोजा. एडब्ल्यू139 या हेलिकॉप्टरच्या एका प्रकाराचं कमाल उड्डाणवजन 6,400 किलो. रिकामं यंत्र, तराफे, तरंगफुगे आणि दोन वैमानिक मिळून 4,700 किलो धरू. (हा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो, तो त्याच्याच वजनपत्रकातून घ्यायचा.) उरले 1,700. इंधन ताशी साधारण 400 किलो धरा. रिग पाऊण तासावर असेल तर जाऊन-येऊन 600. त्यावर दहा टक्के म्हणजे 60, आणि अर्ध्या तासाचा राखीव साठा 200. झाले 860. प्रवाशांना उरले 840 किलो. पिशवीसकट माणूस 93 किलोचा धरला तर नऊ जणांतच 837 झाले. दहावा बसत नाही.

‘परतीचं इंधन रिगवर भरा की’, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. भरता येतं, पण ते चांगलं निघालं तर. दमट हवेत टाक्यांत पाणी साचतं. म्हणून भरण्याआधी पारदर्शक बरणीत नमुना काढून गढूळपणा आणि तळाचे थेंब पाहतात. मग सिरिंजला पिवळी चाचणी-कॅप्सूल लावून 5 मिलिलिटर इंधन ओढतात. कॅप्सूल हिरवट झाली की इंधनात पाणी आहे, ते घ्यायचं नाही. नमुना बाद झाला आणि परतीचं इंधन पोटात नसलं तर मुक्काम रिगवरच.

शिवाय 6,400 हा आकडा कागदावरचा. हेलिडेकवरून, म्हणजे रिगवरच्या उतरायच्या जागेवरून, उचलताना एक इंजिन गेलं, तर उरलेल्या एकावर एकतर पुन्हा डेकवर बसता यायला हवं किंवा कडेला न लागता उडून निघता यायला हवं. तापलेल्या हवेत इंजिनाची ताकद घटते आणि पात्यांना उचल कमी मिळते. समोरून 15-20 नॉट वारा असेल तर तूट बरीच भरून निघते. वारा पडलेल्या दुपारी मात्र वजन आणखी कापावं लागतं, आणि नवाचे सातही होतात. तेव्हा काट्यावरून उतरल्यावर मित्राची पिशवी हळूच हातात घेणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावं.

प्रश्न : हर्मटान वाईट की पावसाळा?

हर्मटान निदान वेळ देतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च सहारातली बारीक धूळ ईशान्येच्या वाऱ्यावर येते आणि दिवसचे दिवस तरंगत राहते. आकाश आणि पाणी एकाच रंगाचं होतं, क्षितिज जातं. ‘थोडं पुढे गेल्यावर दिसेल’ म्हणत नजरेवर उडत राहणं हीच इथली मोठी चूक. पहिल्या मिनिटापासून उपकरणांवर उडा, आणि पर्यायी विमानतळही धुळीतच आहे का, ते निघण्याआधी पाहा. हवामान-रडार पावसाचे थेंब दाखवतं, धूळ नाही. प्लॅटफॉर्मचं लोखंड मात्र त्यावर उमटतं, म्हणून त्याच रडारवर जवळ जाता येतं. पण पाऊण सागरी मैलापर्यंत डोळ्यांना काही दिसलं नाही, तर वळून वर चढायचं.

पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येणारी वादळांची रांग यापेक्षा दुष्ट. ती पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगाने सरकते आणि पावसाच्या आधी तिचा वाऱ्याचा झोत येऊन आदळतो. अशा वेळी डेकवर रोटर थांबवणं धोक्याचं, कारण मंदावलेलं पातं वाऱ्याने खाली झुकून शेपटीच्या दांड्यावर आपटू शकतं. रांग दिसली की आधीच निघा, नाहीतर आधीच बंद करून पाती बांधा. अधलंमधलं काही करू नका.

प्रश्न : प्लॅटफॉर्मवरच्या ज्वाळेची भीती वाटत नाही का?

वायू जाळण्याची ती ज्वाळा दिसते, तिचा गरम झोत वाऱ्यावर कुठे जातो हे कळतं. न जळता सोडलेला वायू दिसत नाही, तो जास्त वाईट. इंजिनाने तो ओढला तर आतला हवेचा प्रवाह बिघडून (याला सर्ज म्हणतात) ते बंदही पडू शकतं. उतरण्याआधी रेडिओवर नेमकं विचारा : वायू सोडणं चालू आहे का, आणि वारा कुठून आहे?

प्रश्न : मलेरियाची कोणती गोळी वैमानिकाला चालते?

मेफ्लोक्विन नाही. तिने चक्कर येते, मनावरही परिणाम होऊ शकतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन यांतली एक विमानवैद्यक तज्ज्ञाला विचारून निवडा, आणि पहिल्यांदा घेताना काही दिवस जमिनीवर राहून पाहा. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल मुक्कामानंतर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवायची असते. सुट्टी लागली की लोक इथेच सोडून देतात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. घरी परतल्यावर ताप आला तर फ्लू समजून झोपू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात नायजेरियाचं नाव सांगा.