दर एप्रिलला गॅस कसा संपतो?

प्रश्न : आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी तीन वर्षांपूर्वी लालबागहून दहिसरला हलवला. तेव्हापासून दर एप्रिलला गारवा जातो. मेकॅनिक 'गॅस संपला' म्हणतो, भरतो, पैसे घेतो. यंदा म्हणतोय, तांब्याची सगळी नळीच बदला. बदलू का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : इतक्यात नको. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे गळतोय.

एसी हलवल्यावर दुखणं सुरू झालंय, म्हणून माझा पहिला संशय नटांवर. आत दोन, बाहेर दोन. नटाखाली नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवलेलं असतं, त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो. शिफ्टिंगवाले घाईत जुनीच दबलेली फ्लेअर पुन्हा आवळतात. खरं तर तेवढा तुकडा कापून नवी करायला दहा मिनिटं पुरतात. नळी कटरनेच कापायची, करवतीने नाही. भुसा आत गेला तर कॉम्प्रेसरच्या जिवावर येतं. कापल्यावर कड आत वळते. नळीचं तोंड खाली धरून ती रीमरने खरवडायची. मग नट आधी ओवायचा आणि नंतर फ्लेअर करायची. (नट ओवायला विसरून फ्लेअर केलीय, असं माझ्याच हातून परळच्या एका घरात एकाच दुपारी दोनदा झालंय. काकू चहा घेऊन समोर उभ्या!) फ्लेअरला तेलाचं बोट लावायचं आणि दोन पान्यांनी आवळायचं, एकाने धरून, दुसऱ्याने फिरवून. एकाच पान्याने जोर लावला की नळी पिळवटते.

गळती तुम्हालाही दिसेल. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसून नटाभोवती काळपट ओशट डाग पडतो. साबणाचा फेस लावायचा तर एसी बंद करून अर्ध्या तासाने लावायला सांगा. आर-३२ गॅस असेल तर बंद एसीत, तीस अंशांत, दाब अडीचशे पीएसआयच्या वर असतो. चालू असताना जाड, म्हणजे चार सुताच्या (अर्ध्या इंची) नळीत तो सव्वाशे-दीडशेवर उतरतो आणि बारीक गळती लपते.

नट कोरडे निघाले तर आतल्या कॉइलला, म्हणजे घरातल्या युनिटमधल्या हवा गार करणाऱ्या नळ्यांना, सुईएवढी भोकं पडली असतील. तशी असतील तर नळी बदलूनही पुढच्या एप्रिलला हेच. नळी कुठे चेमटली किंवा घासून झिजली असेल तरच ती बदला.

आणि हो, जोड केल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायला सांगा, मग व्हॅक्यूम पंप निदान वीस मिनिटं. थोडा गॅस सोडून हवा हाकलणं चालणार नाही, ओल आतच राहते. 'पंप खाली गाडीत आहे' म्हणाला, तर आणू दे. तोवर चहा ठेवा.