एन्टिटी थेट स्क्रीनपर्यंत नेऊ नकोस

तुझ्या जावा अ‍ॅपच्या सर्व्हिसमधून हायबरनेटची एन्टिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला ऑब्जेक्ट) जशीच्या तशी कंट्रोलरकडे, म्हणजे ब्राउझरची विनंती हाताळणाऱ्या भागाकडे, जाते आहे, ते आधी थांबव. आज चालतंय, कारण स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कमध्ये 'ओपन इन व्ह्यू' हे सेटिंग मुळातच चालू असतं. पान तयार होईपर्यंत हायबरनेटचं सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला संवाद, उघडं राहतं. पण टेम्पलेटमध्ये ग्राहकांच्या ऑर्डरी लूपमध्ये घेतल्यास की प्रत्येक ग्राहकामागे वेगळी क्वेरी जाते. ५० ग्राहकांच्या यादीला ५१ क्वेरी (यादीची एक, ऑर्डरींच्या ५०)! ते सेटिंग बंद केलंस तर लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन येईल, म्हणजे सेशन बंद झाल्यावर न आणलेला डेटा मागितल्याची एरर. येऊ दे. कुठला डेटा आधीच आणायला हवा होता, ते त्यातूनच कळतं.

स्क्रीनला लागतं तेवढंच असलेला छोटा डीटीओ (फक्त डेटा वाहून नेणारा ऑब्जेक्ट) बनव आणि ट्रान्झॅक्शन संपण्याआधी सर्व्हिसमध्येच भर. जावा १६ पासून रेकॉर्ड (फक्त डेटा ठेवणारे छोटे क्लास) आहेत, दोन ओळींत काम होतं. एन्टिटी थेट जेसनमध्ये (ब्राउझरला पाठवायच्या मजकुरात) गेली की पासवर्डचा हॅशही बाहेर पडू शकतो. एका प्रकल्पात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, अजून धास्ती वाटते.

तारखा आणि रकमा मात्र डीटीओत स्ट्रिंग करून देऊ नकोस. 'रु.' लावणं, लाखाचे स्वल्पविराम देणं हे व्ह्यूचं, म्हणजे पान दाखवणाऱ्या भागाचं, काम.