ब्रिटनमध्ये स्टार्टअप काढायचा आहे, व्हिसा कसा मिळेल? ५० हजार पौंड लागतातच का?

नाही. जुना स्टार्ट-अप व्हिसा एप्रिल २०२३ मध्ये गेला, त्याच्या जागी ‘इनोव्हेटर फाउंडर’ आला आणि आधीच्या ‘इनोव्हेटर’ व्हिसाची ५० हजारांची अट त्याच वेळी सुटली. धंद्यापुरतं भांडवल मात्र दाखवावंच लागतं.

पहिली पायरी व्हिसाचा अर्ज नव्हे, एंडॉर्समेंट, म्हणजे मान्यतेचं पत्र. सरकारमान्य संस्था तुमची कल्पना नवी, टिकणारी आणि वाढू शकणारी आहे का हे तपासते. फी १,००० पौंड. बहुतेकांची गाडी इथेच अडते. साधं रेस्टॉरंट किंवा ‘आयटी कन्सल्टन्सी’ नव्यात बसत नाही. एजंटकडून लिहून घेतलेला बिझनेस प्लॅन तर मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो. ग्राहक कोण, किंमत कशी ठरवली, पहिल्या वर्षाचा खर्च किती, हे स्वतःला तोंडपाठ हवं.

पत्र मिळालं की तीन महिन्यांत अर्ज करा. इंग्रजी बी२, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीचं. आयईएलटीएस देणार असाल तर ब्रिटनच्या व्हिसासाठीची ‘यूकेव्हीआय’वालीच द्या, साधी चालत नाही. भारतातून अर्ज करताना टीबीचं प्रमाणपत्रही लागतं, तेही मान्यताप्राप्त क्लिनिकचंच.

राहण्याच्या खर्चाचे १,२७० पौंड खात्यात सलग २८ दिवस हवेत. एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शेअर, म्युच्युअल फंड यात धरत नाहीत.

व्हिसा तीन वर्षांचा. संस्था मध्ये किमान दोनदा प्रगती तपासते, दर भेटीचे ५०० पौंड वेगळे. फी बदलत राहते, भरण्याआधी गव्ह डॉट यूकेवर पाहा.