जुळे सोलापूर लहान मुलांना घेऊन राहायला कसं आहे? जवळपास बागा आहेत का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली झालीय, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा, सासूबाई सोबत येणार, आणि शहराच्या दक्षिणेकडच्या जुळे सोलापूर ह्या वसाहतीत फ्लॅट बघताय. मी इथं बारा वर्षं राहते. त्याआधी पूर्व भागातल्या एका गल्लीत होते. तिथं यंत्रमागाचा खडखडाट रात्रीही थांबायचा नाही आणि अंगण म्हणजे दारासमोरच्या चार फरश्या. त्यामुळे माझं मत जुळे सोलापूरकडं जरा झुकलेलं असेल, ते धरून वाचा.

आधी एक गंमत. सोलापुरात कुणी "पार्कवर जाऊन येतो" म्हणालं तर बाग समजू नका. पार्क म्हणजे पार्क स्टेडियम, कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियम, आणि त्याच्या आजूबाजूच्या खाण्याच्या गाड्या. आमच्याकडं "पोरांना पार्कवर फिरवून आणतो" म्हणून तिघं जातात आणि पाणीपुरी खाऊन येतात.

मोठ्या बागा शहरात आहेत. भुईकोट किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांची, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची ती आठवण. तुमची मुलगी नावं विचारेलच, म्हणून लिहिली. विजापूर रोडला संभाजी तलाव (जुनी माणसं कंबर तलावच म्हणतात), त्याच्याजवळ स्मृती उद्यान, आणि पुढं सिद्धेश्वर वनविहार. वनविहारात सकाळी चालायला जाणाऱ्यांची गर्दी असते. सासूबाईंना तिथं मैत्रिणी मिळतील. पण ही सगळी रविवारची ठिकाणं. तीन वर्षांचं पोर संध्याकाळी साडेसहाला रडायला लागतं तेव्हा रिक्षा करून हुतात्मा बागेत कुणी जात नाही.

म्हणून माझं ऐकाल तर "जवळ बाग आहे का" असं विचारू नका. "ह्या लेआउटची ओपन स्पेस कुठं आहे?" असं विचारा. इथं सगळे ओपन स्पेसच म्हणतात. साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडले की दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. एका एकराचे चाळीस गुंठे, त्यातले चार गुंठे मोकळे, म्हणजे सव्वाचार हजार चौरस फुटांच्या वर. पुण्याच्या हिशेबात ही चांगली मोठी जागा झाली. मंजूर नकाशात ती दाखवलेली असते. नकाशाची प्रत मागून घ्या आणि ती हातात धरून जागेवर जा. कुठं मारुतीचं देऊळ आणि पार दिसेल, कुठं घसरगुंडी, कुठं वाळू-खडीचे ढीग आणि कुणाची तरी बंद पडलेली टमटम.

हद्दवाढ भागात ही गोष्ट जास्त जपून बघा. १९९२ ला सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे, बाळे, केगाव अशी गावं शहरात घेतली गेली, आणि तीस वर्षं उलटून गेली तरी लोक "हद्दवाढ भाग" असंच म्हणतात. तिथं बरीच घरं गुंठेवारीतली आहेत. शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा आणि बांधायचं. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, त्यानं घर कायदेशीर होतं, पण जे मैदान कधी सोडलंच नव्हतं ते कुठून उगवणार? तिथली पोरं रस्त्यावर खेळतात. घर स्वस्त मिळतं, हेही खरं.

आमच्या ओपन स्पेसवर आम्ही आलो तेव्हा वेडी बाभूळ आणि बांधकामाचा राडारोडा होता. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसायची. दहा-बारा घरांनी वर्गणी काढून जेसीबी लावला, कडुनिंब आणि करंज लावले. एका उत्साही काकांनी हिरवळ लावायचा आग्रह धरला आणि ती लावलीही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात तिचं काय झालं ते सांगत नाही. सोलापुरात पाणी रोज येत नाही. जिथं घरातल्या टाकीचा हिशेब करावा लागतो तिथं हिरवळीला कोण पाणी घालणार? कडुनिंबांना पहिली दोन वर्षं आम्ही कपडे धुतलेलं पाणी बादलीनं घातलं. आज त्यांच्या सावलीत दुपारी चारलाही बसता येतं. घसरगुंडीचा पत्रा फाटला तेव्हा अर्ज करकरून कंटाळलो, शेवटी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं तासाभरात जोडून दिला.

पाण्यावरून आठवलं. फ्लॅट बघताना जमिनीतली टाकी किती लिटरची, बोअर उन्हाळ्यात टिकतो का आणि टँकर महिन्याला किती लागतात हे वॉचमनला विचारा, बिल्डरला नको. पाणी यायचा वार शेजारणीकडून कळतो, आणि त्या दिवशी कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जायचं नसतं.

शाळा, दवाखाने, किराणा ह्याची अडचण नाही. आसरा पुलावर संध्याकाळी अडकाल, तेवढी सवय होते. पुण्याहून येणाऱ्याला ती गर्दी वाटणारही नाही.

मुलांचं म्हणाल तर आमच्या मैदानावर मराठी "इकडं ये", तेलुगू "इक्कड रा" आणि कन्नड "बा इल्ली" हे तिन्ही एकाच बॉलमागं ऐकू येतं. माझ्या धाकट्याला मराठीइतकंच तेलुगू येतं, आणि त्यातलं निम्मं मला कळू नये असंच असतं. तुमची पोरं महिनाभरात "काय बे" म्हणायला लागतील. घाबरू नका, इथं ते प्रेमानंच म्हणतात. आणि जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की सगळं जुळे सोलापूर होम मैदानावर उतरतं, मग आठवडाभर घरात शिट्ट्या आणि पिपाण्या.

घर बघायला डिसेंबरात येऊ नका, तेव्हा सोलापूर कुठूनही छान दिसतं. एप्रिलच्या शेवटी या, संध्याकाळी सात वाजता. ओपन स्पेसवर दिवा लागतो का आणि पारावर म्हातारी माणसं बसलीत का, एवढं बघा. जिथं आजोबा-आजी बसतात तिथं पोरांकडं आपोआप लक्ष राहतं.

मुलीची सायकल आणावी का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. जरूर आणा. आतले रस्ते रुंद आहेत आणि गाड्या कमी. फक्त एक ट्यूब जास्तीची घेऊन या, मोकळ्या प्लॉटांवरच्या बाभळीचा काटा आठवड्याला एक पंक्चर ठेवतोच.